चौदा नंबरची दोन घमेली

बुधवारी दुपारी डॉक्टरकीची पोरं यायची, आणि चौदा नंबरची म्हातारी त्यांना सगळं तोंडपाठ म्हणून दाखवायची.

"माणसं तीन. मी, सून, नात. मुलगा ट्रकवर असतो, आला तर चार. पाणी पिंपात, पिंपाला झाकण. खोकला नाही, ताप नाही, पोट साफ. सगळं बरं आहे. लिहिलंस?"

पोरं लिहायची. शिकाऊच ती. कुणाला अजून नीट मिसरूड फुटलेलं नसायचं, कुणाच्या गळ्यातली नळी इतकी नवी की तिला रबराचा वास यायचा. कॉलेजची बस चुनाभट्टीच्या फाटकापाशी थांबायची आणि एकेकाला एकेक खोली वर्षभरासाठी वाटून दिलेली असायची. वर्ष सरलं की नवी तुकडी, नव्या वह्या, आणि पुन्हा पहिल्यापासून घरात माणसं किती. एखादा गोंधळला तर म्हातारीची सून त्याला हळूच सांगायची, "आता डोळ्याची पापणी खाली ओढून बघ. मग नखं." ही सून हाडापेरानं उंच, दारातून वाकून आत येणारी. भट्टीवर सगळे तिला शिडी म्हणत, आणि आता तीही त्याच नावाला ओ देत असे.

'सगळं बरं आहे' हे उत्तर काही उगाच ठरलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नऊ नंबरच्या बाईनं अशाच एका विद्यार्थ्याला सांगितलं होतं, खोकताना रक्त पडतं म्हणून. पोरगा भला होता, धावतपळत ऑफिसात गेला. महिन्याच्या आत नऊ नंबरात दुसरं बिऱ्हाड आलं. तेव्हापासून रांगेतल्या सगळ्या बायका एका सुरात बऱ्या होत्या.

कारण तिथली खोली घमेल्यांवर मिळायची. खोलीमागे दोन घमेली, असा भट्टीचा नियम. सकाळचा भोंगा झाला की प्रत्येक खोलीतून दोन बायकांनी बाहेर पडायचं, चुनखडीचे दगड भरलेलं घमेलं डोक्यावर घ्यायचं, मातीचा चढ चढून ते भट्टीच्या तोंडात रिकामं करायचं, खाली यायचं, पुन्हा भरायचं. एक घमेलं बसलं तर आठ दिवसांत दुसरं उभं करायचं, नाहीतर सामान बाहेर. हजेरीच्या फळ्यावर कुणाचं नावसुद्धा नव्हतं, नुसते आकडे होते. मुकादम हाकही आकड्यानंच मारायचा. "ए चौदा, पाय उचला!"

चौदाची दोन घमेली म्हणजे साठीला आलेली म्हातारी आणि शिडी. नात तेरा वर्षांची होती, शाळेत जायची, गणितात पहिली यायची. तिच्या डोक्यावर घमेलं येऊ नये एवढ्याचसाठी या दोघी मान मोडेस्तोवर दगड वाहत होत्या. ट्रकवरचा मुलगा वर्षातून दोनदा उगवायचा, तोही हात हलवत. त्याचं नाव घरात निघत नसे.

त्या वर्षी चौदा नंबरच्या वाट्याला एक मुलगी आली. बुटकी, गालावर मुरमं, छातीशी कायम वही धरलेली. बायकांनी पहिल्याच दिवशी तिला वहीवाली करून टाकलं. कोळशाच्या धुरानं ती आल्या आल्या संडासामागे जाऊन ओकली, तोंड पुसलं आणि परत येऊन विचारायला बसली, घरात माणसं किती. म्हातारीला ते आवडलं.

"हिच्या पोटात काही टिकत नाही, पण ही टिकेल," म्हातारी म्हणाली.

त्यांच्या सरांनी म्हणे यंदा सांगितलं होतं, नुसतं विचारून येऊ नका, त्या बायकांसाठी काहीतरी करा, त्यांच्या बरोबरीनं करा, त्यातून शिका. वहीवालीनं म्हातारीला विचारलं, "आजी, मी तुमच्यासाठी काय करू?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हातारी बावरली. मग म्हणाली, "पाठ खाजवून दे. चुन्यानं जीव नकोसा होतो, आणि नेमका तिथं हात पोचत नाही."

वहीवालीनं वही खाली ठेवली आणि अगदी मन लावून पाठ खाजवली. दारातून बघणाऱ्या बायका तोंडाला हात लावून हसल्या. पुढच्या बुधवारी ती खोबरेल घेऊन आली.

मग एकदा तिनं हट्टच धरला की मीही घमेलं नेणार. तिला अर्धंच भरून दिलं. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली. ती चढाच्या निम्म्यापर्यंत गेली आणि पाय लटपटून सगळे दगड खाली आले. त्यातला एक मुकादमाच्या पायावर पडला. मुकादम एका पायावर नाचला, तेव्हा बायकांना हसून हसून घमेली उतरवावी लागली. पण वहीवाली हसत नव्हती. मातीत बसल्या बसल्या ती वर बघत होती. चढाच्या वळणावर शिडी उभी होती, डोक्यावर भरलेलं घमेलं, डोळे मिटलेले, आणि पायावर पाय घट्ट आवळलेला. सावकाश दहा मोजावेत एवढा वेळ ती तशीच उभी राहिली, मग हळूच पाय सोडून चालू लागली. त्या दिवशी वहीवालीनं वहीत काही लिहिलं नाही.

हिवाळा सुरू झाला आणि आभाळ असं काही बिघडलं की उघडेचना. धड पाऊस नाही, धड ऊन नाही, दिवसरात्र नुसती झिमझिम आणि धुकं. भाजलेल्या चुन्याला ओल म्हणजे काळ. भिजला की तो तापतो, फुगतो, पोती फोडून बाहेर येतो. म्हणून मालकानं खालून माल भराभर काढून शेडमध्ये ओढायला सुरुवात केली, आणि खालून माल काढला की वरून भट्टी भरावीच लागते. दोन खेपांच्या वेळात तीन, मग चार. चढाची माती निसरडी झाली. बायका पायाच्या बोटांनी माती धरून चढायच्या. बोटांच्या बेचक्यांत ओला चुना जाऊन कातडं सोलून निघालं.

शिडीचं दुखणं वेगळंच होतं. पोरीच्या जन्मानंतर एकविसाव्या दिवशी ती घमेल्याखाली गेली होती, तेव्हापासूनचं. आधी नुसतं ओढ लागल्यासारखं व्हायचं. आता आडवं फडकं लंगोटासारखं घट्ट बांधल्याशिवाय चढ चढवत नव्हता, आणि ओल्या दिवसांत ते फडकं वाळायचं नाही. ओल्या फडक्यानं मांड्या सोलवटल्या. रात्री ती भिंतीकडं तोंड करून निजायची आणि कुशीवर वळताना दात आवळायची. म्हातारीला ठाऊक नसेल असं तिला वाटायचं.

एका रविवारी, बस नसताना, वहीवाली एकटीच आली. शिडी खोल्यांमागच्या आडोशाला फडकं पिळत होती. वहीवाली जवळच्या दगडावर बसली.

"मावशी, तुम्ही वळणावर का थांबता?"

"दम लागतो."

"दम लागला की माणूस तोंडानं श्वास घेतं. तुम्ही पाय आवळता."

शिडीनं तिच्याकडं बघितलं. सहा वर्षांत इतकी पोरं आली, पापण्या ओढून गेली, नखं बघून गेली. पायांकडं कुणी बघितलं नव्हतं. तिला एकदम रडायला आलं, आणि त्याचा तिला रागही आला.

"तू हे लिहिणार."

"नाही लिहिणार."

"नऊ नंबरचं माहीत आहे का तुला?"

"सांगितलं आजींनी. तुमचं नाव कुठंही येणार नाही. माझ्या आईची शपथ."

मग शिडीनं सांगितलं. फडकं पिळता पिळताच सांगितलं, मान वर न करता. "चढावर पाय उचलला की आतून मूठभर काहीतरी खाली उतरतं. बसले की हातानं वर सारावं लागतं. मग फडकं बांधते. पोरीच्या वेळेपासून आहे. आता खोकलं तरी येतं." मग म्हणाली, "मी कुजत चाललेय का गं आतून?"

"नाही मावशी," वहीवाली म्हणाली. "अंग बाहेर येतं म्हणतात ना, तेच आहे हे. पुष्कळ जणींना होतं. एक रबराची रिंग असते, बाई डॉक्टर बसवतात, पाच मिनिटांचं काम. दुखणं खूप कमी होईल. ऑपरेशन नंतर कधीतरी."

"रिंग घालून घमेलं उचलता येतं?"

वहीवाली घुटमळली. "जड उचलू नये. पण आत्ता जे चाललंय, त्यापेक्षा नक्की बरं."

शिडीचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोरीच्या वेणीचा गुंता सोडवत बसली, आणि पोरीनं शाळेतलं एक गणित तोंडानं घातलं ते शिडीनं चुकीचं सोडवलं, तेव्हा दोघी हसल्या.

वहीवालीनं शब्द पाळला. तिनं नाव लिहिलं नाही. कॉलेजातल्या वहीत कुणाही बाईचं नाव लिहायचं नसतं, असंच त्यांना शिकवलेलं होतं. नावाच्या जागी तिनं खोलीचा आकडा लिहिला, चौदा. वय, बाळंतपणं, घमेल्याचं वजन, चढाची लांबी, सगळं नीट लिहिलं. शिडीचे शब्द जसेच्या तसे उतरवून काढले. सरांनी वाचलं. सर भले गृहस्थ होते, केस पिकेपर्यंत हेच शिकवत आलेले. त्यांनी वर्गासमोर वही उचलून धरली आणि म्हणाले, "सहा वर्षांत आपल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं." मग नुसतं कौतुक करून थांबले नाहीत. भट्टीवर बायकांसाठी तपासणी ठेवली, बाई डॉक्टर मिळवल्या, रिंगा मागवल्या, आणि मालकाला कॉलेजच्या कागदावर शिक्क्यासकट पत्र लिहिलं. पत्रात नाव नव्हतं. एवढंच होतं की खोली क्रमांक चौदामधील सुनेस यापुढे ओझे उचलण्याचे काम देऊ नये, दिल्यास तिच्या जिवास अपाय संभवतो.

तपासणी झाली त्या सकाळी भट्टीवर मांडव घातला होता. आत पडद्यामागे बाई डॉक्टरांनी शिडीला रिंग बसवली. खरंच पाच मिनिटं लागली. ती उठून उभी राहिली, दोन पावलं चालली आणि चकित झाली. तेरा वर्षांत पहिल्यांदा पायांच्या मध्ये काही नव्हतं. ती जवळजवळ धावतच चढाकडं गेली. म्हातारी तिथं तिच्या घमेल्यात दगड भरून उभी होती.

मुकादमानं घमेल्यावर पाय ठेवला.

"चौदाची सून ना तू? ठेव ते खाली."

"का?"

"डॉक्टरांचं पत्र आहे मालकाकडं. तुला ओझं द्यायचं नाही. उद्या तुला काही झालं तर आत मी जाणार."

"मला काही होत नाही. आत्ताच रिंग घातली. विचारा त्यांना."

"कसली रिंग?" मुकादमानं मोठ्यानं विचारलं. चढावरच्या बायका थांबल्या. पोती शिवणारे गडी वळून बघू लागले. एवढी उंच बाई, पण मान खाली घातली तेव्हा म्हातारीच्या खांद्याएवढी दिसली.

"तुझ्याशी माझं वैर नाही," मुकादम जरा नरमून म्हणाला. "पोती शिवायला बस. पण ते घमेल्यात धरत नाहीत. चौदाचं एक घमेलं बसलं. आठ दिवस."

वहीवाली मांडवातून धावत आली. तिला आधी काही कळेचना, मग सगळं एकदम कळलं. ती मुकादमाला म्हणाली, मी पत्र मागे घ्यायला लावते. मुकादम म्हणाला, जरूर लावा, तसं लिहून आणा, की ओझं उचललं तरी अपाय नाही, खाली सही करा. ती सरांकडं गेली. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "असं खोटं मी कसं लिहू?" ते म्हणाले. "अपाय आहेच." तेही खरंच होतं. त्यांनी मालकाला फोन केला, हलकं काम द्या पण खोली राहू द्या म्हणून विनवलं. मालक गोड बोलला. म्हणाला, एकीला सवलत दिली तर उद्या सगळ्या जणी पत्रं आणतील.

वहीवाली खोलीत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत म्हातारी, शिडी, पोरगी. चहा थंड झालेला.

"मावशी, मी नाव लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही लिहिलंस," शिडी म्हणाली. "खरं आहे."

वहीवालीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात येत नव्हतं. शेवटी म्हातारीच उठली, तिच्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, "जा पोरी. बस सुटेल."

ती गेल्यावर म्हातारी सुनेकडं वळली. आता ही बोलणार, शिडीला वाटलं, तेरा वर्षांचं सगळं काढणार. म्हातारी म्हणाली, "सांगायचंच होतं तर मला सांगायचंस."

"तुम्ही काय केलं असतं?"

"फडकं कसं बांधायचं ते दाखवलं असतं. तू चुकीचं बांधतेस. म्हणून घासतं." म्हातारीनं पाय लांब केले. "तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून आहे मला. चाळीस वर्षं झाली."

शिडी तिच्याकडं बघतच राहिली. एका खोलीत, एका अंथरुणाशेजारी दुसरं अंथरूण टाकून, दोघींनी भिंतीकडं तोंड करून दात आवळले होते.

"मग आज मांडवात का नाही आलात?"

"आणि दोन्ही घमेली बसवू?" म्हातारी म्हणाली.

ते आठ दिवस शिडीनं सगळं करून पाहिलं. मालकाच्या दारात उभी राहिली, मालक भेटला नाही. दुसऱ्या भट्टीवर चौकशी केली, तिथं खोली नव्हती. ट्रकवाल्याला निरोप धाडला, तो कुणाला कुठं पोचला कोण जाणे. सातव्या दिवशी संध्याकाळी पोरीनं स्वतःच दप्तराचं फडकं सोडलं, पुस्तकं ट्रंकेत खाली ठेवली आणि त्याच फडक्याची चुंबळ वळायला बसली. तिला ती नीट जमेना. शिडी भिंतीला टेकून बसली होती, तिनं मदत केली नाही. म्हातारीनं नातीच्या हातातून फडकं घेतलं, दोनदा पीळ दिला, टोक आत खोचलं आणि चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवून बघितली.

"नातीचं डोकं लहान आहे," म्हातारी म्हणाली. "अजून एक वेढा लागेल."

आठव्या दिवशी भोंगा झाला तेव्हा चौदाची दोन घमेली चढावर होती. शिडी खाली शेडमध्ये पोती शिवत होती. दाभण पोत्यातून ओढताना तिला चढ दिसायचा, आणि दिसू नये म्हणून ती तोंड फिरवून बसायची. तरी पोरीची पावलं तिला ऐकू यायची. रिंग उत्तम बसली होती. काही म्हणता काही दुखत नव्हतं, आणि याच गोष्टीची तिला सगळ्यांत जास्त चीड यायची.

वर्ष संपलं. वहीवाली शेवटच्या बुधवारी निरोप घ्यायला आली. तिच्या कामाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला होता, पण तिनं ते सांगितलं नाही. ते दुसऱ्याच एका पोरानं सांगितलं. तिनं पोरीसाठी गणिताचं पुस्तक आणलं होतं, पुढच्या वर्गाचं. पोरीनं ते घेतलं, चुन्याचे हात लागू नयेत म्हणून कोपरांत धरलं, आणि ट्रंकेत नेऊन ठेवलं.

आभाळ मोकळं झालं, ऊन तापलं, चढाची माती पुन्हा टणक झाली. आणि एका बुधवारी नवी तुकडी आली. चौदा नंबरला आता एक पोरगा होता, कानामागचा घाम बोटानं पुसणारा. जेवणाची सुट्टी होती. म्हातारी आडवी झाली होती. पोरगी दारात पाय पसरून पाणी पीत होती. तेवढ्या महिन्यांत तिचा गळा रुंद झाला होता आणि उंची जिथल्या तिथं थांबली होती.

"घरात माणसं किती?" पोरानं विचारलं.

"तीन," म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली. "मुलगा आला तर चार. पाणी पिंपात, पिंपाला झाकण. खोकला नाही, ताप नाही. सगळं बरं आहे."

त्यानं लिहिलं आणि कागद उलटला. "यंदा एक प्रश्न नवीन आहे. घमेलं उचलणाऱ्या प्रत्येकीला विचारायचा आहे. घमेलं कोण उचलतं इथं?"

"मी," पोरगी म्हणाली.

पोरगा लाजला, घसा खाकरला, आणि छापलेलं वाचून दाखवू लागला. "चढावर पाय उचलला की आतून मूठभर काहीतरी खाली उतरतं, असं वाटतं का? बसल्यावर ते हातानं वर सारावं लागतं का?"

कोपऱ्यात शिडीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ते तिचेच शब्द होते. आडोशाला फडकं पिळताना बोललेले, एकही इकडचा तिकडं न झालेले. आता ते छापून आले होते आणि खोल्याखोल्यांतून विचारले जात होते. म्हातारीनं डोळे उघडले.

पोरीनं आईकडं बघितलं. मग आजीकडं.

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरं आहे. लिहिलंस?"

अगदी म्हातारीच्या सुरात म्हणाली. पोरानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फुली मारली. शिडीनं लेकीच्या तोंडाकडं निरखून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिनंच वाढवलेलं तोंड ते, भूक लागली की कसं होतं, खोटं बोलताना कसं होतं, सगळं तिला पाठ होतं. आज तिला त्यावर काही वाचता येईना.

भोंगा झाला. पोरगी उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि आजीला हात देऊन उठवलं. शिडी दारात येऊन उभी राहिली. आज तिनं तोंड फिरवलं नाही. दोन घमेली चढाला लागली, पुढं नातीचं, मागं आजीचं, आणि शिडी नातीच्या पायांकडं बघत राहिली, ती वळणावर थांबते की काय ते.